विल्यम ड्युरंट : दोनदा उभारले, दोनदा गमावले

डेट्रॉइट शहराच्या वेस्ट ग्रँड बुलेव्हार्डवर एक प्रशस्त दगडी इमारत उभी आहे. १९१९ साली तिचे बांधकाम सुरू झाले, तेव्हा ती जगातील सर्वात मोठ्या कार्यालयीन इमारतींपैकी एक ठरणार होती. अनेक दशके जनरल मोटर्सचे मुख्यालय येथेच होते. आता तेथे मिशिगन राज्य सरकारची कार्यालये भरतात. तिच्या दर्शनी भागावरच्या कोरीव कामात मात्र आजही रोमन लिपीतील ‘डी’ हे अक्षर दिसते. डेट्रॉइटच्या नावाचे हे आद्याक्षर असावे, असा पाहणाऱ्याचा सहज समज होतो. खरे तर ते एका माणसाच्या आडनावाचे आहे. इमारत पुरी होण्यापूर्वीच त्या माणसाला कंपनीतून बाहेर जावे लागले. इमारतीचे ड्युरंट बिल्डिंग हे नियोजित नाव बदलले गेले, पण दगडात कोरलेले अक्षर काढून टाकण्याचे कष्ट कोणी घेतले नाहीत.

विल्यम क्रेपो ड्युरंटचा जन्म ८ डिसेंबर १८६१ रोजी बोस्टन येथे झाला. आईचे वडील हेन्री क्रेपो हे मिशिगनमधील मोठे लाकूड व्यापारी आणि पुढे त्या राज्याचे गव्हर्नर झाले. वडिलांकडचा वारसा मात्र वेगळा होता. वडील शेअरबाजारात सट्टा खेळत, दारूच्या आहारी गेले आणि अखेर कुटुंबापासून दुरावले. आई मुलांना घेऊन माहेरी, फ्लिंट या गावी आली, तेव्हा बिली दहा-अकरा वर्षांचा होता. आजोबांची वखार, मामा-मावश्यांचा प्रतिष्ठित गोतावळा आणि ज्याविषयी घरात कोणी बोलत नसे असा बाप, या वातावरणात तो वाढला. बापाच्या दोन व्यसनांपैकी दारूचा त्याने आयुष्यभर तिटकारा केला. दारूबंदीची अंमलबजावणी कशी करावी याच्या उत्तम योजनेसाठी १९२८ साली त्याने पंचवीस हजार डॉलरचे बक्षीस जाहीर केले होते. दुसऱ्या व्यसनापासून त्याला दूर राहता आले नाही.

शाळा अर्धवट सोडून तो आजोबांच्या वखारीत कामाला लागला. त्याचे मन लाकडात नव्हते, विक्रीत होते. औषधे विकली, सिगार विकले, विमा विकला. फ्लिंटची पाणीपुरवठा कंपनी डबघाईला आली होती, तिचा कारभार त्याच्याकडे सोपवण्यात आला. तो घरोघर गेला, लोकांच्या तक्रारी ऐकल्या आणि कंपनी सावरली. पंचविशीच्या आतच गावातील सावकारांना आणि बँकांना त्याच्या शब्दाचे मोल कळले होते.

१८८६ सालची गोष्ट. एका ओळखीच्या माणसाने त्याला आपल्या दुचाकी घोडागाडीतून थोडे अंतर सोडले. आपल्याकडच्या टमटमीसारखी हलकी गाडी ती. पण तिची स्प्रिंग निराळ्या पद्धतीने बसवली होती, त्यामुळे खडबडीत रस्त्यावरही धक्के जाणवत नव्हते. ड्युरंटने गाडी कोठे बनते ते विचारले आणि लागलीच रेल्वेने कोल्डवॉटर या गावी जाऊन पोहोचला. तेथल्या छोट्या कारखानदाराकडून त्याने दीड हजार डॉलरला सगळा धंदा आणि स्प्रिंगचे हक्क विकत घेतले. जवळ पैसे नव्हतेच. ते फ्लिंटच्या बँकेतून कर्जाने उभे केले. लोखंडी सामानाच्या दुकानात काम करणारा डॅलस डॉर्ट हा तरुण भागीदार झाला. एक नमुना गाडी घेऊन ड्युरंट विस्कॉन्सिन राज्यातील मॅडिसनच्या जत्रेला गेला, तेथे तिला पहिले बक्षीस मिळाले आणि सहाशे गाड्यांची मागणी घेऊन तो परतला. तोवर कारखान्यात एकही गाडी तयार झालेली नव्हती. मग त्याने गावातल्याच एका जुन्या गाडी कारखानदाराला त्या बनवण्याचा ठेका दिला.

पुढील सगळ्या आयुष्याचा साचा या पहिल्याच व्यवहारात दिसतो. वस्तू आवडली की ती विकता येईल याची त्याला खात्री पटे. पैसा दुसऱ्याचा असे. आधी मागणी आणि मग माल, हा क्रम ठरलेला. त्यात फसवणूक नव्हती. ठरलेल्या दिवशी गाड्या पोहोचत आणि कर्ज फिटे. ड्युरंट-डॉर्ट कॅरेज कंपनी या नावाने वाढत गेलेला हा उद्योग विसाव्या शतकाच्या आरंभी वर्षाला पन्नास हजारांच्या घरात गाड्या बनवत होता. चाके, आस, रंग, लाकूड या सगळ्यासाठी त्याने स्वतःच्या उपकंपन्या काढल्या. फ्लिंटला लोक गाड्यांचे गाव म्हणू लागले आणि चाळिशीत पोहोचलेला ड्युरंट लक्षाधीश झाला.

मोटारी त्याला मुळीच आवडत नसत. त्यांचा गोंगाट होतो, धूर येतो, घोडे बुजतात, हे त्याचे मत होते. मुलगी मार्जरी हिने मोटारीत बसू नये असेही त्याने बजावले होते. १९०४ साली फ्लिंटच्या एका कारखानदाराने त्याला आपल्या अडचणीत आलेल्या मोटार कंपनीकडे पाहण्याची गळ घातली. ही कंपनी डेव्हिड ब्यूक या मूळच्या स्कॉटिश माणसाची. ओतीव लोखंडाच्या न्हाणीटबांवर मुलामा चढवण्याच्या उद्योगात नाव मिळवून तो इंजिनाच्या नादी लागला होता. त्याचे इंजिन उत्तम होते, हिशेब मात्र नव्हता. ड्युरंटने गाडी लगेच घेतली नाही. शरद ऋतूत कित्येक आठवडे त्याने ती फ्लिंटभोवतालच्या चिखलातून, वाळूतून, चढणींवरून चालवली. बिघडली की दुरुस्त करवून पुन्हा चालवली. १ नोव्हेंबर १९०४ रोजी त्याने कंपनीची सूत्रे हाती घेतली. त्या सालात ब्यूकच्या जेमतेम सदतीस गाड्या बनल्या होत्या. जानेवारीत न्यूयॉर्कच्या प्रदर्शनातून ड्युरंट हजारावर गाड्यांची मागणी घेऊन आला.

१९०८ साली ब्यूकने साडेआठ हजारांवर गाड्या बनवल्या आणि अमेरिकेत ती पहिल्या क्रमांकावर गेली. फ्लिंटला कामगारांचा एवढा लोंढा आला की घरे पुरेनात; माणसे तंबूत आणि डांबरी कागदाच्या झोपड्यांत राहू लागली. सुट्या भागांचे कारखानदार ड्युरंटच्या आग्रहावरून शेजारी येऊन वसले. आस बनवणारे चार्ल्स मॉट त्यांपैकीच एक. त्यांचे नाव या कथेत शेवटी पुन्हा येईल.

मोटारधंद्यात त्या काळी शेकडो कंपन्या होत्या आणि दरवर्षी डझनावारी बुडत. कोणती गाडी लोकांना आवडेल हे आधी सांगता येत नाही, तेव्हा अनेक गाड्या एका छत्राखाली ठेवाव्यात, एक पडली तर दुसरी सावरेल, ही ड्युरंटची कल्पना. १६ सप्टेंबर १९०८ रोजी न्यू जर्सीत अवघ्या दोन हजार डॉलर भांडवलाची जनरल मोटर्स नावाची कंपनी नोंदली गेली. काही दिवसांतच भांडवल सव्वा कोट डॉलरवर नेण्यात आले. ब्यूक आत आली, मग ओल्ड्समोबाइल, ओकलंड, कॅडिलॅक. रोख रक्कम थोडी आणि जनरल मोटर्सचे शेअर भरपूर, अशा हिशेबाने दोनेक वर्षांत वीसहून अधिक कंपन्या त्याने गोळा केल्या. १९०९ साली हेन्री फोर्डही ऐंशी लाख डॉलरला कंपनी विकायला तयार होता; पहिल्या हप्त्याचे वीस लाख रोख द्यायला बँका राजी झाल्या नाहीत, म्हणून तो व्यवहार राहून गेला. सगळी खरेदी अशी मोलाची नव्हती. हीनी नावाच्या दिव्यांच्या कंपनीसाठी त्याने ब्यूक आणि ओल्ड्समोबाइल मिळून जेवढे दिले त्याहून मोठ्या किमतीचे शेअर मोजले, आणि तिच्या पेटंटांचे मूल्य शून्य निघाले.

१९१० साली बाजार थंडावला. हाताशी गंगाजळी नव्हती. पुरवठादारांची देणी थकली, फ्लिंटचे कामगार घरी बसले. बोस्टन आणि न्यूयॉर्कच्या बँकांनी मदत दिली ती कठोर अटींवर. कागदावर दीड कोट डॉलरचे कर्ज, हातात सव्वा कोटीच्या आसपास, वर शेअरांचे मोठे नजराणे, आणि पाच वर्षे कंपनी बँकांच्या ताब्यात. संस्थापक नावापुरता संचालक राहिला.

पन्नाशीला टेकलेला दुसरा कोणी असता तर शिल्लक संपत्तीवर सुखाने राहिला असता. ड्युरंट फ्लिंटला आला आणि त्याने नवी मोटार काढली. ब्यूकच्या शर्यतीच्या चमूत लुई शेव्हरोले हा स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेला धिप्पाड शर्यतपटू होता. त्याचे नाव लोकांच्या तोंडी होते आणि कानाला गोडही लागत होते. नोव्हेंबर १९११ मध्ये शेव्हरोले मोटर कंपनी सुरू झाली. लुईला मोठी, वेगवान, श्रीमंती गाडी हवी होती आणि पहिली गाडी तशीच, दोन हजार डॉलरच्या वरची निघाली. ड्युरंटला फोर्डशी टक्कर देणारी स्वस्त गाडी हवी होती. दोघांचे बिनसले, लुई १९१३ साली निघून गेला. नाव मात्र कंपनीकडेच राहिले. लुईला आपल्याच नावाच्या गाड्या जगभर धावताना दुरून पाहाव्या लागल्या. अशा वागणुकीबद्दल ड्युरंटला दोष द्यायला हवा. त्याच्या चाहत्यांनी लिहिलेल्या चरित्रांत तो फारसा दिला जात नाही.

१९१५ साली शेव्हरोलेची ‘फोर नाइंटी’ ही गाडी आली. किंमत नावातच होती, चारशे नव्वद डॉलर. मागणी एवढी आली की शेव्हरोलेचा शेअर झपाट्याने चढला. इकडे जनरल मोटर्सचे शेअर ड्युरंट आणि त्याचे मित्र गुपचूप गोळा करीत होते. १६ सप्टेंबर १९१५ रोजी, कंपनीच्या सातव्या वर्धापनदिनी, बँकांची पाच वर्षे संपत आलेली असताना संचालकांची बैठक भरली. तडजोड म्हणून ड्यूपाँट घराण्यातील पिअर ड्यूपाँट यांना अध्यक्षस्थानी बसवण्यात आले. मग ड्युरंटने डाव टाकला. जनरल मोटर्सचा एक शेअर द्या आणि शेव्हरोलेचे पाच घ्या, अशी जाहीर देवाणघेवाण त्याने सुरू केली. मे १९१६ पर्यंत जनरल मोटर्सचे निम्म्याहून अधिक शेअर शेव्हरोलेकडे आले. चार-साडेचार वर्षांच्या पोराने मोठ्या भावाला विकत घेतले होते. बँकांचे लोक पायउतार झाले आणि ड्युरंट पुन्हा गादीवर बसला.

ही दुसरी कारकीर्द चार वर्षांची. बेअरिंग बनवणारा आल्फ्रेड स्लोन आणि विजेच्या स्टार्टरचा जनक चार्ल्स केटरिंग यांच्या कंपन्या त्याने जोडून घेतल्या, घरगुती शीतकपाटांचा फ्रिजिडेअर उद्योग घेतला, गाड्या हप्त्यांवर देण्यासाठी वित्तसंस्था काढली. विसाव्या शतकातील जनरल मोटर्सचे जे सामर्थ्य पुढे जगाने पाहिले, त्याचे जवळजवळ सगळे अवयव ड्युरंटने आणलेले होते. ते एकत्र चालवण्याची रीत मात्र त्याच्यापाशी नव्हती. टेबलावर टेलिफोनांची रांग असे. डेट्रॉइटला बोलावून घेतलेले मोठमोठे अधिकारी बाहेर तासन्‌तास बसून राहत आणि आत साहेब न्यूयॉर्कच्या दलालांशी बोलत. ब्यूकचा कारभार सांभाळणारा वॉल्टर क्रायस्लर असाच वैतागून नोकरी सोडून गेला. मुख्यालयाची जागा निवडताना ड्युरंटने रस्त्यावर पावले टाकत हद्द ठरवली आणि किमतीचा विषय न काढता ती घेण्यास सांगितले, अशी आठवण स्लोनने पुढे नोंदवून ठेवली आहे.

१९२० साली युद्धोत्तर मंदी आली. फोर्डने किमती खाली आणल्या, जनरल मोटर्सच्या गाड्या पडून राहिल्या आणि वसंतात चाळीस डॉलरच्या घरात असलेला शेअर नोव्हेंबरमध्ये चौदाच्या खाली आला. येथे ड्युरंटचा स्वभाव त्याच्या आड आला. फ्लिंटमधील मित्र, जुने कामगार, विक्रेते यांनी त्याच्या शब्दावर शेअर घेतले होते. भाव पडणे म्हणजे आपण त्यांना फसवणे, असे तो मानत असे. भाव सावरण्यासाठी तो उधारीवर शेअर विकत घेत राहिला. आधीचे शेअर तारण ठेवून पुढचे घेतले. कंपनीच्या संचालकांना याचा पत्ता नव्हता. ड्यूपाँट घराण्याचे विश्वासू जॉन रॅस्कॉब आणि मॉर्गन बँकेचे भागीदार हिशेबाला बसले, तेव्हा व्यक्तिगत देणे दोन कोट डॉलरच्या वर निघाले. ड्युरंट बुडाला असता तर त्याच्यासोबत दलालपेढ्या आणि कदाचित कंपनीही बुडाली असती. एका रात्रीत व्यवहार ठरला. ड्यूपाँटांनी त्याचे शेअर घेतले, देणी भागवली आणि त्याने राजीनामा दिला.

त्याने मित्रांच्या शेअरांचा भाव सांभाळण्यासाठी आपली संपत्ती घातली, हे खरे. आणि ज्या कंपनीचा तो विश्वस्त होता तिला न सांगता तिचे भवितव्य पणाला लावले, हेही तितकेच खरे. त्याच्याविषयी बोलणाऱ्यांपैकी बहुतेक जण यातील एकच बाजू सांगतात.

राजीनाम्यानंतर दोन महिनेही झाले नव्हते. जानेवारी १९२१ मध्ये त्याने मित्रांना पत्रे पाठवली. नव्या कंपनीसाठी पन्नास लाख डॉलर हवे होते, दोन दिवसांत सत्तर लाख आले. या वेळी गाडीवर त्याने प्रथमच स्वतःचे नाव घातले : ड्युरंट. पाठोपाठ फोर्डच्या किमतीला भिडणारी, ३४८ डॉलरची स्टार ही गाडी आली. ब्रिटनमध्ये स्टार नावाची कंपनी आधीपासून असल्याने ब्रिटिश साम्राज्यातील देशांत तीच रग्बी या नावाने विकली गेली. श्रीमंतांसाठी लोकोमोबाइल ही जुनी नामांकित कंपनी त्याने घेतली. न्यू जर्सीतील एलिझाबेथ येथला प्रचंड नवा कारखाना लिलावात निघाला, तेव्हा क्रायस्लरच्या डोळ्यांदेखत पंचावन्न लाखांवर बोली लावून तो जिंकला. त्यासोबत क्रायस्लरच्या अभियंत्यांनी तयार केलेल्या गाडीचा आराखडाही त्याच्या हाती आला. तीच गाडी पुढे फ्लिंट या नावाने निघाली. साठीतल्या माणसाने दोन वर्षांत जनरल मोटर्सची जणू प्रतिकृती उभी केली होती.

शेअर मात्र आता फक्त मित्रांना विकले जात नव्हते. बँकांना आपल्या दारात पुन्हा येऊ द्यायचे नाही म्हणून ड्युरंटने सामान्यांकडे मोर्चा वळवला. दारोदार फिरणारे विक्रेते शिक्षक, कारकून, कारखान्यातील मजूर यांना हप्त्यांवर शेअर देऊ लागले. भागधारकांची संख्या लाखाच्या वर गेली. त्यांनी मोटारीच्या कारखान्यापेक्षा ड्युरंट या नावात पैसा गुंतवला होता.

कारखान्याकडे त्याचे लक्ष टिकले नाही. स्टार चांगली गाडी होती, पण ती बहुतांशी बाहेरून विकत घेतलेल्या भागांची. इंजिनही कॉन्टिनेंटल कंपनीचे. फोर्डने किंमत तीनशेच्या खाली नेली, तेव्हा तिला तेथवर उतरणे परवडेना. दुसऱ्या बाजूने जी गाडी तिला मागे सारत होती ती शेव्हरोले, ड्युरंटनेच जन्माला घातलेली. स्लोनच्या शिस्तीखाली शेव्हरोलेने १९२७ साली विक्रीत फोर्डलाही मागे टाकले. जनरल मोटर्सचा कारखाना १९२८ साली मुंबईत शिवडीला सुरू झाला आणि तेथे जुळणी केलेल्या शेव्हरोले मोटारी व बसगाड्या पुढे पाव शतक आपल्याकडच्या रस्त्यांवर धावल्या. त्याच १९२८ साली अमेरिकेत स्टार हे नाव बंद झाले.

ड्युरंट तोवर वॉल स्ट्रीटचा झाला होता. १९२४ पासून तो तेजीवाल्यांचा म्होरक्या गणला जाऊ लागला; श्रीमंत मित्रांच्या एकत्रित पैशावर तो बाजार वर उचलत असे. रोजचे वृत्तपत्र उघडले की त्याचे नाव दिसे. एलिझाबेथच्या आणि लॅन्सिंगच्या कारखान्यांत मात्र नवीन मॉडेल रखडत होते. मध्यवर्ती बँक सट्ट्यासाठीची कर्जे आवळत आहे आणि त्यातून अनर्थ होईल, हे सांगायला तो एप्रिल १९२९ मध्ये रात्री गुपचूप व्हाइट हाउसमध्ये जाऊन राष्ट्राध्यक्ष हूवर यांना भेटला. हूवर यांनी ऐकून घेतले, एवढेच. ऑक्टोबरात बाजार कोसळला आणि कोसळत्या बाजारात भाव सावरायला जाण्याची १९२० ची चूक ड्युरंटने पुन्हा केली.

ड्युरंट गाडीचे उत्पादन १९३१ साली लॅन्सिंगला थांबले. कॅनडातील कारखाना वेगळ्या मालकीखाली थोडा पुढे चालला. १९३३ मध्ये कंपनी मोडीत निघाली. ज्या लाखभर घरांत तिचे शेअर होते तेथे ते कागद उरले. महामंदीच्या त्या वर्षांत अशा कागदांची कोणाला नवलाई नव्हती.

फेब्रुवारी १९३६ मध्ये ड्युरंटने न्यायालयात नादारी जाहीर केली. देणे नऊ लाख चौदा हजार डॉलरचे, आणि मालमत्ता अडीचशे डॉलरची, म्हणजे अंगावरचे व कपाटातले कपडे. त्याच वर्षी न्यू जर्सीतील अॅस्बरी पार्क येथे, पूर्वी जेथे ड्युरंट मोटारी विकल्या जात त्याच इमारतीत, त्याने किराणा आणि खाद्यपदार्थांचे मोठे दुकान काढले. जनरल मोटर्सचा संस्थापक भांडी विसळतो, अशी बातमी झळकली. त्याला त्यात लाज वाटली नाही. ग्राहकाने स्वतः फिरून माल उचलावा अशा दुकानांना भवितव्य आहे, असे तो भेटेल त्याला समजावून सांगे.

जानेवारी १९४० मध्ये जनरल मोटर्सने अडीच कोटीव्या मोटारीचा सोहळा डेट्रॉइटला केला. स्लोनने अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या ड्युरंटला हाताला धरून मंचावर आणले आणि सर्वांसमोर त्याच्या कर्तृत्वाचा उल्लेख केला. त्याच वर्षी ड्युरंट फ्लिंटला परतला व ब्यूकच्या कारखान्याजवळ त्याने बोलिंगचे क्रीडागृह उघडले, शेजारी मोटारीत बसूनच हॅम्बर्गर घेता येईल असे उपाहारगृह. कुटुंबाने एकत्र यावे अशी ती स्वच्छ, दारूविरहित जागा होती. गावोगावी अशी केंद्रे काढण्याचे आराखडे त्याच्या खिशात होते.

ऑक्टोबर १९४२ मध्ये त्याला अर्धांगवायूचा झटका आला. आत्मचरित्राची काही पाने लिहून झाली होती, ती तशीच राहिली. न्यूयॉर्कच्या ग्रॅमर्सी पार्कमधील घरात दुसरी पत्नी कॅथरीन त्याची शुश्रूषा करीत होती. तिचे दागिने एकेक करून विकले गेले. स्लोन, चार्ल्स मॉट, कॅनडातील कारखानदार सॅम मॅक्लॉक्लिन आणि आणखी एक जुना सहकारी यांनी मिळून वर्षाला दहा हजार डॉलर देण्याचे ठरवले आणि ते शेवटपर्यंत दिले. या चौघांचीही संपत्ती ड्युरंटने दिलेल्या शेअरांतून वाढली होती.

१८ मार्च १९४७ रोजी तो वारला. तीन आठवड्यांनी हेन्री फोर्ड गेला, आणि त्या निधनाच्या बातम्यांनी जगभरची वृत्तपत्रे भरली.